नाचणाऱ्यांचा कौल आणि तबकडीची मालकी

काळ्या अमेरिकनांच्या साहित्याशी आपले नाते जुने आहे. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरने तेच नाव आपल्या लढ्यासाठी घेतले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या समाजाच्या कविता, आत्मकथने, कादंबऱ्या आपण वाचल्या. त्यांच्या ब्लूज आणि जॅझविषयीही आपल्याकडे थोडेफार लिहिले गेले. परंतु याच समाजातील तरुणांनी १९८० नंतर डेट्रॉइट या कारखान्यांच्या शहरात यंत्रांवर जे संगीत घडवले, त्याच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. त्या संगीताचे नाव टेक्नो. आज ते जगभर वाजते, आणि त्यावर नाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा समज असा आहे की हे संगीत गोऱ्या युरोपचे, त्यातही बर्लिनचे आहे.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. संगीताची शास्त्रीय जाण मला नाही. मला या विषयाकडे ओढले ते एका साध्या प्रश्नाने. एखाद्या वंचित समाजाने निर्माण केलेली गोष्ट जगभर जिंकते, तेव्हा त्या जिंकण्यातून निर्मात्याच्या हातात काय येते? टेक्नोच्या चाळीस वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची जितकी उत्तरे सापडतात तितकी फार थोड्या ठिकाणी सापडतील. कारण येथे नाचणाऱ्यांचा कौल एकीकडे आहे आणि तबकडीची मालकी दुसरीकडे आहे. ही दोन वेगवेगळी न्यायालये आहेत. एका न्यायालयात जिंकलेला माणूस दुसऱ्यात हरू शकतो, हेच मला या लेखात मांडायचे आहे.

प्रथम या संगीताची घडण समजून घेऊ. टेक्नोमध्ये बहुधा शब्द नसतात. असले तर एखाददुसरे वाक्य पुन्हा पुन्हा येते. खर्जाचा एक सरळ ठोका, मिनिटाला साधारण १२० ते १५० वेळा, अखंड चालतो. त्यावर टाळीचा, झांजेचा आवाज, सिंथेसायझरचे लहानसे सूर. हे सर्व यंत्रातून येते. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ आणि १९८३ साली टीआर-९०९ ही ताल वाजवणारी यंत्रे काढली. खऱ्या तबल्याढोलासारखा आवाज त्यांतून येत नाही म्हणून व्यावसायिक वादकांनी ती नाकारली. काही वर्षांतच कंपनीने ती बनवणे बंद केले. मग ती जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांना स्टुडिओचे भाडे परवडत नव्हते अशा काळ्या मुलांनी ती घरी नेली. प्रस्थापितांनी टाकून दिलेल्या यंत्रांतून नवे संगीत निघाले.

या संगीताची एक रचना, म्हणजे ट्रॅक, रेडिओवर ऐकण्यासाठी केलेली नसते. तिची सुरुवात आणि शेवट मुद्दाम उघडे ठेवलेले असतात. बराच वेळ नुसता ठोकाच चालतो. कारण डी.जे. दोन तबकड्या दोन फिरत्या यंत्रांवर ठेवतो, त्यांची गती जुळवतो आणि पहिली संपण्याआधीच दुसरी तिच्यात मिसळतो. ठोक्याची ती मोकळी जागा म्हणजे एका ट्रॅकला दुसऱ्याशी जोडण्याचा सांधा. तबकडीही खास, बारा इंची. एका बाजूला एक-दोनच ट्रॅक असल्यामुळे चर रुंद कापता येतात आणि रुंद चरात खर्ज जोरकस उमटतो. तबकडीचा चर कसा कापला यावर क्लबमधला जमिनीचा हादरा ठरतो.

आणि हा हादराच निकाल देतो. डान्स फ्लोअरवर समीक्षक नसतो. अंधारात शेकडो माणसे नाचत असतात. त्यांना ट्रॅकचे नाव ठाऊक नसते, करणाऱ्याचा चेहरा माहीत नसतो, तो काळा की गोरा हेही कळत नसते. ठोका पायात उतरला तर लोक थांबतात, नाही उतरला तर पाणी प्यायला बाहेर जातात. डी.जे. हे पाहतो आणि पुढच्या रात्री ती तबकडी पेटीत ठेवतो किंवा काढून टाकतो. पूर्वी कोऱ्या पांढऱ्या लेबलाची, नावगाव नसलेली तबकडी थोड्या डी.जे.ना आधी देऊन पाहिली जाई. फ्लोअर उसळला तर मग हजारभर काढायच्या. इतका सरळ, जातवर्णनिरपेक्ष कौल कलेच्या दुसऱ्या कोणत्याही दालनात मिळत नसेल असे वाटते. तथापि जो कौल निर्मात्याचे नाव विचारत नाही, तो त्याचा पत्ताही विचारत नाही. पैसे पाठवायला तर पत्ता लागतो.

आता डेट्रॉइटकडे येऊ. हेन्री फोर्डने १९१३ साली डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरता जुळणी-पट्टा सुरू केला आणि दुसऱ्याच वर्षी दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. दक्षिणेकडील कापसाच्या शेतांतून, तिथल्या वर्णद्वेषी कायद्यांतून निसटू पाहणारे काळे लोक पुढील दशकांत या शहरात लाखोंनी आले. कारखान्यात सर्वांत उष्ण, सर्वांत घातक काम त्यांच्या वाट्याला आले. तरीही महिन्याला रोख पगार मिळाला, घरे झाली, मुले शाळेत गेली. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. नंतर कारखाने बाहेर हलले, गोरे उपनगरांत गेले. १९६७ च्या जुलैमध्ये पोलिसांच्या छाप्यातून उसळलेल्या उठावात पाच दिवसांत ४३ माणसे मेली. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासात लाखांच्याही खाली आली आणि २०१३ साली महापालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याच शहरात १९५९ साली बेरी गॉर्डी या काळ्या तरुणाने कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली होती. तो स्वतः मोटारीच्या जुळणी-पट्ट्यावर काम केलेला माणूस. मोटाउनची गाणी गोऱ्या अमेरिकेने डोक्यावर घेतली. पण १९७२ साली कंपनी लॉस एंजेलिसला गेली, आणि १९८८ साली ६१ दशलक्ष डॉलरना विकली गेली. गाणी डेट्रॉइटची, पण कंपनी आणि तिच्यामागे येणारे काम दोन्ही शहराबाहेर गेले. टेक्नो करणारी पिढी ही मोटाउन निघून गेल्यानंतरच्या डेट्रॉइटमध्ये वाढली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तिघे शहरापासून जवळच्या बेलव्हिल गावच्या शाळेत भेटले. रात्री ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या नावाने ओळखला जाणारा रेडिओ निवेदक पार्लमेंट आणि प्रिन्स या काळ्या कलावंतांच्या बरोबरीने जर्मनीच्या क्राफ्टवर्कचे यांत्रिक संगीत वाजवी. हे संगीत कोणत्या वर्णाचे, असा प्रश्न त्याने श्रोत्यांना पडू दिला नाही. अ‍ॅटकिन्सने रिक डेव्हिस या व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकाबरोबर सायबोट्रॉन हा गट केला आणि १९८१ साली पहिली तबकडी ‘डीप स्पेस’ या स्वतःच्या लेबलावर काढली. पुढे १९८५ साली त्याने मेट्रोप्लेक्स हे लेबल सुरू केले. मेने १९८६ मध्ये ट्रान्समॅट काढले. सॉन्डरसनने आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून केएमएस. तिन्ही कचेऱ्या ग्रॅशिअट अव्हेन्यू या एकाच रस्त्यावर जवळजवळ होत्या.

लेबल काढणे म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे. प्रत्येक तबकडीत दोन मालमत्ता असतात. एक, रचना, म्हणजे चाल, ताल, शब्द. तिचा हक्क रचनाकाराकडे, किंवा त्याने करार करून दिला असेल तर प्रकाशकाकडे असतो. दुसरी, ध्वनिमुद्रण; ज्याला त्या धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. त्याचा हक्क बहुधा लेबलाकडे जातो. तबकडी विकली गेली, चित्रपटात गेली, दुसऱ्याने तिचा तुकडा उचलून आपल्या गाण्यात घातला, की या दोन हक्कांच्या कागदांकडे बोट दाखवूनच पैसे मागता येतात. आणि लेबलाचे काम काय? मास्टर कापून घेणे, प्रेसिंगच्या कारखान्याला आगाऊ पैसे भरणे, माल वितरकाच्या हाती देणे आणि मग वाट पाहणे. कारखान्याचे पैसे आज, वितरकाकडून पैसे काही महिन्यांनी. न विकलेला माल परत. मध्येच वितरक बुडाला तर तबकडी गाजूनही लेबल बुडते. फ्लोअरवर यशस्वी झालेल्या तबकडीने लहान लेबलाला कर्जात घालावे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण मागणी वाढली की आणखी तबकड्या काढाव्या लागतात आणि त्यासाठी पुन्हा रोख लागते.

मेची ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ ही तबकडी १९८७ साली आली. पियानो आणि तंतुवाद्यांचे यंत्रातून काढलेले सूर, तालाची धावपळ. इंग्लंडच्या क्लबांत तिने १९८८-८९ मध्ये नुसता धुमाकूळ घातला. १९८८ मध्येच लंडनच्या व्हर्जिन कंपनीच्या ‘टेन’ या लेबलाने डेट्रॉइटच्या रचनांचा एक संग्रह काढला आणि त्याच्या नावात ‘टेक्नो’ हा शब्द आला. हे नाव अ‍ॅटकिन्सच्या आग्रहाचे. नाहीतर शिकागोच्या हाउस संगीताची एक शाखा म्हणून हा माल विकला जायचा होता. स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचा हक्क किती मोलाचा, हे आपल्याला सांगावे लागत नाही. सॉन्डरसन आणि गायिका पॅरिस ग्रे यांच्या इनर सिटी गटाची ‘बिग फन’ आणि ‘गुड लाइफ’ ही गाणी ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचली. मोठ्या कंपनीमार्फत मिळालेले यश ते हेच: जिथे गळा होता, चेहरा होता, रेडिओवर बसेल असे गाणे होते, तिथे कंपनी आली. उरलेल्या शब्दहीन ट्रॅकचे काय करावे हे तिला कळले नाही. युरोपातल्या तरुणांनी मात्र ही यंत्रे घेतली, तसाच ठोका वाजवला आणि थोड्याच वर्षांत मूळ डेट्रॉइटपेक्षा युरोपीय टेक्नोची बाजारपेठ कितीतरी मोठी झाली.

शेजारच्या शिकागोचे उदाहरण अधिक बोचरे आहे. तेथे काळ्या आणि समलिंगी तरुणांच्या क्लबांतून हाउस संगीत आले. त्याचे एक प्रमुख लेबल ट्रॅक्स. त्याचा मालक लॅरी शर्मन याच्याकडे प्रेसिंगचा कारखानाच होता. ज्याच्याकडे छापखाना, त्याच्याकडे पोरे हातात टेप घेऊन आपण होऊन जात. १९८६ साली लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांच्या फिंगर्स इंक. गटाच्या रचना या लेबलावर आल्या. त्या आजही फ्लोअरवर वाजतात. आपल्याला रॉयल्टी मिळालीच नाही अशी तक्रार करीत या दोघांनी २०२० साली दावा लावला आणि २०२२ साली तडजोडीत आपल्या रचनांचे हक्क परत मिळवले. म्हणजे छत्तीस वर्षे. या छत्तीस वर्षांत किती रात्री, किती शहरांत, किती पाय त्या ठोक्यावर नाचले असतील! फ्लोअरने एकदाही त्यांच्या विरुद्ध निकाल दिला नव्हता.

डेट्रॉइटमध्ये या व्यवस्थेला सर्वांत ठाम नकार दिला तो अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाने. ‘मॅड’ माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी १९८९ च्या सुमारास तो उभा केला. रॉबर्ट हूड नंतर त्यात आला. त्यांनी मोठ्या कंपन्यांशी करार करायचा नाही असे ठरवले. चेहरे झाकले, छायाचित्रे नाकारली, वेष्टनावर कलावंताच्या फोटोऐवजी लढाऊ पथकाची चिन्हे घातली. ध्यानात घ्या, हा अनामिकपणा आणि फ्लोअरने लादलेला अनामिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे वडील लग्नसराईत बँडमध्ये ढोल वाजवीत. वरातीत नाचणाऱ्या कोणालाही त्यांचे नाव विचारावेसे वाटत नसे. त्यांचे नाव नसणे हे त्यांनी निवडलेले नव्हते. बँक्सने मात्र तोंड झाकले ते ठरवून: विकण्यासाठी माझा चेहरा, माझी गरिबी, माझ्या शहरातली पडकी घरे तुम्हाला मिळणार नाहीत, मिळेल तो आवाज, आणि त्याची किंमत मी ठरवीन. चेहरा झाकला, पण मालकीचा कागद मात्र उघड्यावर ठेवला.

आणि त्यांनी साखळीतला प्रत्येक दुवा आपल्या शहरात आणण्याचा प्रयत्न केला. मास्टर कापायला रॉन मर्फी हा जुना जाणकार डेट्रॉइटमध्येच होता. तबकडी आतून बाहेर वाजावी, एकाच चरात सुई अडकून ठोका अखंड फिरत राहावा असले प्रयोग त्याने या मुलांबरोबर केले. प्रेसिंगसाठी आर्चर हा १९६५ पासून चालत आलेला कौटुंबिक कारखाना होता. वितरणाचा दुवा तेवढा परक्याच्या हातात होता. १९९२ मध्ये सबमर्ज ही वितरण संस्था काढून तोही घेतला. डेट्रॉइटच्या कितीतरी लहान लेबलांचा माल तिथून जगभर जाऊ लागला. पुढे त्याच इमारतीत या संगीताचे एक लहानसे संग्रहालयही झाले. आपल्या चळवळीत अनियतकालिके काढणाऱ्यांना यातली अडचण चटकन कळेल: कविता लिहिणारे पुष्कळ असतात, अंक पोस्टात टाकून वर्गणी वसूल करणारा एखादाच असतो, आणि अंक बंद पडतो तो या दुसऱ्या माणसावाचून.

याचा परिणाम काय झाला? जेफ मिल्स १९९२ च्या सुमारास गटातून बाहेर पडला आणि त्याने अ‍ॅक्सिस हे स्वतःचे लेबल काढले. त्याची ‘द बेल्स’ ही रचना त्याच्या स्वतःच्याच पर्पज मेकर या लेबलावर आली. पाव शतकाहून अधिक काळ ती वाजते आहे. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या जाहिरातीवाचून एखादा ट्रॅक किती टिकू शकतो याचे ते उत्तम उदाहरण होय. येथे फ्लोअरचा कौल आणि मालकीचा कागद एकाच माणसाकडे आहेत.

बर्लिनचा अध्याय यानंतरचा. भिंत १९८९ साली पडली. पूर्व बर्लिनमध्ये मालकाचा पत्ता नसलेल्या रिकाम्या इमारती होत्या. पोट्सडामर प्लाट्झजवळ वर्टहाइम या ज्यू कुटुंबाच्या भव्य दुकानाची, जे नाझींनी त्यांच्याकडून हिरावून घेतले, त्या पाडलेल्या दुकानाची तळघरातली तिजोरीची खोली शिल्लक होती. तिथे १९९१ च्या मार्चमध्ये ट्रेझोर हा क्लब सुरू झाला. जर्मनीत दोन्हीकडची तरुण मुले प्रथमच एकत्र नाचली ती बऱ्याच अंशी डेट्रॉइटच्या ठोक्यावर. क्लबने त्याच वर्षी लेबल काढले आणि त्याची पहिली तबकडी अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्याच मंडळींची होती. डेट्रॉइटच्या कलावंतांना घरी मिळत नव्हते ते काम, मानधन आणि आदर तेथे मिळाला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. सर्व दोष युरोपवर टाकून मोकळे होण्यात अर्थ नाही. डेट्रॉइटमधला म्युझिक इन्स्टिट्यूट हा दारू न विकणारा क्लब १९८८ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी बंद पडला. बर्लिनला मात्र पडीक जागा होत्या, कमी भाडे होते आणि पुढे जागांचे मोल ओळखणारे शासनही आले. २०२४ च्या मार्चमध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत झाली. वारसा ही देखील एक मालकीच असते, आणि तिचीही नोंद जो करतो त्याच्या नावावर होते.

१९९९ मध्ये मालकीचा हा प्रश्न अगदी उघडपणे समोर आला. अंडरग्राउंड रेझिस्टन्सने डी.जे. रोलांडो याची ‘नाइट्स ऑफ द जॅग्वार’ ही रचना काढली. रोलांडो डेट्रॉइटच्या मेक्सिकन वस्तीतला. ती जगभरच्या फ्लोअरवर गेली. तेव्हा सोनीच्या जर्मन शाखेने त्या रचनेची, गटाची परवानगी न घेता, सूर न् सूर तसाच ठेवून दुसऱ्याकडून केलेली आवृत्ती बाजारात आणण्याची तयारी केली. असे कसे करता येते? वर सांगितलेल्या दोन मालमत्ता येथे आठवाव्यात. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचे तर लेबलाची परवानगी लागते. पण प्रसिद्ध झालेली रचना न बदलता नव्याने वाजवून मुद्रित केली, तर रचनेची ठरलेली रॉयल्टी भरून बहुतेक वेळा काम भागते. ज्या ट्रॅकचे सारे सत्त्व त्याच्या ध्वनीत आहे, त्याच्या बाबतीत ही वाट फारच सोयीची. जगभरच्या डी.जे.नी आणि श्रोत्यांनी कंपनीवर निषेधपत्रांचा मारा केला. सोनीने माघार घेतली. मग तीच नक्कल बीएमजी या दुसऱ्या बड्या कंपनीमार्फत आली. गटाने मूळ रचनेच्या आपल्या नव्या आवृत्त्या काढून उत्तर दिले. या लढ्यात न्यायालयापेक्षा लोकांचा दबाव कामी आला, आणि तो कामी आला कारण दहा वर्षे या गटाने आपल्या श्रोत्यांना मालकीचा प्रश्न समजावून सांगितला होता. संघटित नसलेल्या कलावंतामागे असे कोणी उभे राहिले नसते.

तरीही प्रश्न उरतो: फ्लोअरवर रोज जो पैसा जमतो तो कुठे जातो? प्रवेशशुल्क आणि दारू यांचा पैसा क्लबचा. त्यातून मानधन मिळते ते वाजवणाऱ्या डी.जे.ला; ज्याची तबकडी वाजली त्याला क्लबकडून थेट काहीच नाही. रचनाकारांच्या सोसायट्या क्लबकडून परवाना शुल्क घेतात. पण वाटप करताना कोणत्या रात्री काय वाजले याची पूर्ण यादी त्यांच्याकडे बहुधा नसते. निवडक ठिकाणांच्या नमुन्यावरून हिशेब होतो आणि नमुन्यात जो नाही त्याचा वाटा रेडिओवर गाजणाऱ्यांच्या खात्यात जातो. अमेरिकेत तर क्लबमध्ये तबकडी वाजल्याबद्दल ध्वनिमुद्रणाच्या मालकाला कायद्याने काहीच मिळत नाही. जे मिळते ते फक्त रचनेला. जुन्या तबकड्या आज मोठ्या किमतींना विकल्या जातात, पण तो व्यवहार दोन ग्राहकांतला. त्यातला पैसाही निर्मात्याकडे येत नाही. तबकड्यांची विक्री घटल्यानंतर परिस्थिती अशी झाली की ट्रॅक हे नुसते ओळखपत्र झाले आणि कमाई राहिली ती विमानाने फिरून वाजवण्यात. ज्याला फिरता येते तो तरतो. जो आजारी आहे, वयस्क आहे, ज्याच्या घरी लहान मूल आहे, तो आपला ट्रॅक गाजत असतानाही हातात काही पडत नाही म्हणून बसून राहतो. आता तबकडीची जागा बरीचशी संगणकावरील प्रसारणाने घेतली आहे. २०२४ पासून स्पॉटिफायने बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकची रॉयल्टी देणेच बंद केले. लहान लेबलांचे कितीतरी ट्रॅक या रेषेखाली येतात.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. लेबल आपल्या माणसाचे झाले म्हणजे न्याय झाला, असे समजण्याचे कारण नाही. मेच्या नावावर ओळखल्या जाणाऱ्या ‘न्यूड फोटो’ या रचनेत टॉमस बार्नेट सहनिर्माता होता. ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’मधला तो प्रसिद्ध पियानो मायकेल जेम्सचा. ही दोन नावे किती नाचणाऱ्यांना ठाऊक आहेत? डेट्रॉइट टेक्नोची गोष्ट तीन पुरुषांची म्हणून सांगितली जाते. मीही वर तशीच सांगितली. पण केली हँड ही स्त्री, जी ‘के-हँड’ नावाने वाजवी, तिने अकेशिया हे स्वतःचे लेबल १९९० च्या दशकात चालवले, स्वतः रचना केल्या, स्वतः माल विकला. २०१७ मध्ये शहराने तिला डेट्रॉइट टेक्नोची ‘फर्स्ट लेडी’ म्हणून गौरवले. २०२१ मध्ये ती वारली. गौरव मरणाआधी चार वर्षे आला. शोषितांच्या घरातही एक उतरंड असते आणि ती उतरंड सर्वांत आधी श्रेयाच्या यादीत दिसते.

मग निष्कर्ष काय काढायचा? काही जण म्हणतील, कला ही कलेसाठी. पैशाची भाषा कशाला? ही भाषा ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांना शोभते. दुसरे म्हणतील, बाजार आहे तोवर शोषण राहणारच. लेबल काढून काय होणार? यात तथ्य आहे, पण अर्धे. अंडरग्राउंड रेझिस्टन्सने बाजार मोडला नाही. मात्र बाजारात उभे राहून त्याने कोणत्या अटी मान्य करायच्या नाहीत हे ठरवले, आणि स्वतःबरोबर शहरातल्या डझनभर लहान लेबलांना वाट करून दिली. मोटाउन गेले तसे सबमर्ज शहर सोडून गेले नाही. हा फरक लहान नाही.

आपल्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मला यातून एवढेच सुचवायचे आहे. आपल्या वस्त्यांतून गाणी निघतात, शाहीर उभे राहतात, मिरवणुकीत हजारो पाय त्यांवर नाचतात. त्या वेळी एक वही करावी. गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, वाजवले कोणी, मुद्रण कोणी केले, कोणत्या कागदावर सही झाली, कागदाची प्रत कोणाकडे आहे, एवढे सहा रकाने. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा पूर्णपणे लिहून घेण्यावर बंदी घातली आहे. पण ज्याचे नावच कागदावर नाही त्याला कायदा शोधणार कसा? महाविद्यालयातल्या मुलांना हे काम सहज करता येईल. सही करण्याआधी करार वाचून दाखवणारा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असावा. डेट्रॉइटच्या मुलांना ही अक्कल मोटाउनकडे पाहून आली. आपल्याला ती डेट्रॉइटकडे पाहून आली तर बिघडले कुठे? फ्लोअरचा कौल आपल्या बाजूने लागतोच आहे. दुसऱ्या न्यायालयात आपला कागद तयार आहे का, हे प्रत्येकाने आपल्या गावच्या कलावंताला जाऊन विचारावे.